'नोंद आढळली नाही' असे म्हणण्यापूर्वी

प्रति,
माननीय सचिव,
माहिती तंत्रज्ञान विभाग, महाराष्ट्र शासन,
मंत्रालय, मुंबई.



महाराष्ट्रातला माणूस सरकारी संकेतस्थळावर जे शोधायला जातो, त्यात बहुतेक वेळा एखादे चिन्ह असतेच. सातबारा आपण ७/१२ असा तिरप्या रेघेने लिहितो. खसऱ्याच्या क्रमांकात रेघ असते, प्लॉटच्या क्रमांकात आडवी रेघ असते आणि शासन निर्णयाच्या क्रमांकात कंस, टिंबे, रेघा सगळेच एकत्र नांदतात. माणसाच्या नावाआधी 'डॉ.' किंवा 'ॲड.' येते, आडनावात एखादा 'ऱ्ह' असतो. नेमकी हीच चिन्हे आपल्या अनेक शोधपेट्यांना पचत नाहीत. चिन्ह लिहिले की पडद्यावर उत्तर उमटते, 'नोंद आढळली नाही'. त्या वाक्याबद्दल आपल्याशी बोलायचे आहे.

मी नागपूरच्या मनीषनगरात राहतो आणि मिहानमधल्या एका कंपनीत शोधयंत्रणा बांधण्याचे आणि बिघडल्या की दुरुस्त करण्याचे काम करतो. त्यामुळे आमच्या लेआउटमधल्या कुणाला कागद सापडत नसला की ते मोबाइल घेऊन माझ्याकडे येतात. वर्धा रोड आणि बेसा यांच्यामधला आमचा हा भाग शेतजमिनींवर लेआउट पडत पडत वाढला. मौजा सोमलवाडा हे नाव आजही आमच्या खरेदीखतांत असते. अनधिकृत लेआउट नियमित करणाऱ्या २००१ च्या गुंठेवारी कायद्यानंतर '५७२ लेआउट' आणि '१९०० लेआउट' हे शब्द नागपुरात घरोघरी पोचले, ते अशाच वस्त्यांमुळे. जमीन कशी वाटली गेली हे क्रमांकावरूनच वाचता येते. खसरा ८७ होता, भावांत वाटणी झाली, ८७/१ झाला. पुन्हा तुकडा पडला, ८७/१-अ झाला. त्यावर लेआउट पडला, प्लॉट २४-ब झाला. (क्रमांक उदाहरणापुरते आहेत.) प्रत्येक वाटणीने क्रमांकात एक चिन्ह वाढवले. म्हणजे त्या रेघा आणि ती अक्षरे हाच मालकीचा इतिहास आहे, आणि शोधपेटी नेमके तेच वाचायला नकार देते.

आमच्या शेजारच्या काकूंना एका कामासाठी घराचा कागद हवा होता. एका सरकारी संकेतस्थळावर त्यांनी खरेदीखतात आहे तसा, अक्षर-अक्षर जुळवून, पूर्ण क्रमांक लिहिला. उत्तर आले, नोंद आढळली नाही. पुन्हा लिहिला, पुन्हा तेच. त्यांच्या मनात पहिली शंका कोणती आली असेल? 'आपल्या प्लॉटवर दुसऱ्या कोणाचं नाव तर नाही ना चढलं?' एकच प्लॉट दोघांना विकल्याच्या बातम्या आमच्या शहरात लोक वर्षानुवर्षे वाचत आले आहेत, तेव्हा ही भीती फुकटची म्हणता येत नाही. शेवटी चौकातल्या सेवा केंद्रातल्या मुलाने मार्ग दाखवला. 'काकू, ती तिरपी रेघ नका टाकू, अन् ते अ-ब काही नका लिहू. नुसतं सत्त्याऐंशी टाका, मंग येते बराबर.' आणि आले. नोंद जागच्या जागी होती.

त्या मुलाला कारण ठाऊक नव्हते. कारण आपल्यापुढे मांडतो, कारण ते आपल्या अखत्यारीत दुरुस्त होण्यासारखे आहे.

८७/१-अ असे लिहून कुणी 'शोधा' दाबले की ती अक्षरे थेट नोंदीकडे जात नाहीत. बहुतेक ठिकाणी ती आधी पत्त्याच्या ओळीत बसतात, आणि त्या ओळीत प्रत्येक चिन्हाला आधीच काम नेमून दिलेले आहे. प्रश्नचिन्हाने विचारणा सुरू होते, '&' ने एक माहिती संपून दुसरी सुरू होते, '+' ची मोकळी जागा होते, आणि '#' आले की त्यापुढचे काहीही सर्व्हरपर्यंत जातच नाही. प्रश्नचिन्ह आणि '#' यांचे नियम २००५ च्या 'आरएफसी ३९८६' या दस्तऐवजात आहेत, बाकीच्या दोन चिन्हांचे वेबवरचे अर्ज पाठवण्याच्या संकेतांत. म्हणून कार्यक्रम लिहिणाऱ्याने या चिन्हांचे सांकेतिक रूप करून पाठवायचे असते. तिरप्या रेघेचे 'टक्का-दोन-एफ' होते, आपल्या एका 'अ' चीही नऊ खुणांची माळ होते. इथवर सारे ठीक. पण शोधशब्द पत्त्याच्या मुख्य भागात ठेवला असेल, तर 'अपाची' हा जगभर वापरला जाणारा सर्व्हर मूळच्या मांडणीत असा 'टक्का-दोन-एफ' स्वीकारत नाही, ४०४ म्हणून परत पाठवतो. नागरिकाला दिसते 'सापडले नाही'. पान सापडले नाही की प्लॉट सापडला नाही, हे त्याने कसे ओळखायचे? शोधशब्द प्रश्नचिन्हानंतरच्या भागात ठेवला, तर हा अडथळा उरत नाही.

पुढे खुद्द शोधयंत्राची भाषा येते. आज असंख्य संकेतस्थळांच्या पोटात 'ल्युसीन' हे १९९९ साली डग कटिंग यांनी लिहायला घेतलेले मुक्त सॉफ्टवेअर किंवा त्यावर उभी राहिलेली 'सोलर', 'इलॅस्टिकसर्च' ही यंत्रे चालतात. यांना चिन्हांची स्वतःची व्याकरणे आहेत. शब्दाआधीची आडवी रेघ म्हणजे 'हे वगळा', तारका म्हणजे 'काहीही चालेल', विसर्गासारखा दिसणारा अपूर्णविराम म्हणजे 'या रकान्यात शोधा'. २०१२ मध्ये ल्युसीनची चौथी आवृत्ती आली आणि तिरप्या रेघेलाही अर्थ मिळाला: दोन रेघांमध्ये जे असेल तो अक्षरांचा साचा समजायचा. या नियमाने ७/१२ ची काय गत होते पाहा. एकच रेघ आहे, म्हणजे साचा सुरू झाला पण संपला नाही, म्हणून यंत्र चूक दाखवून थांबते. १२/१/अ मध्ये रेघा दोन, म्हणून मधला १ साचा ठरतो, १२ आणि अ सुटे पडतात, आणि भलतेच निकाल समोर येतात. ज्या राज्यात जमिनीचा सर्वांत महत्त्वाचा कागद तिरप्या रेघेने ओळखला जातो, तिथे नागरिकाने लिहिलेला मजकूर जसाच्या तसा या यंत्राच्या हाती देणे हा हलगर्जीपणा आहे. ती चिन्हे आधी निष्प्रभ करून द्यायची सोय यंत्रातच असते. फक्त ती वापरावी लागते.

इथे एक खूण सांगतो. आपल्या मदतकक्षातल्या कुणालाही ती उपयोगी पडेल. चिन्ह लिहिल्यावर पान लाल अक्षरांत मोडून पडले किंवा ४०४ आले, तर दोष पत्त्याच्या ओळीत किंवा शोधयंत्राच्या भाषेत असतो. पान नीट उघडून निकाल शून्य आले, तर बहुधा साठवलेली अक्षरे आणि लिहिलेली अक्षरे जुळलेली नसतात. आणि निकाल हजारोंनी आले, तर यंत्राने क्रमांकाचे ८७, १ आणि अ असे तुकडे पाडलेले असतात आणि जिथे कुठे १ आहे ते सगळे पुढ्यात टाकलेले असते. तिन्हींच्या दुरुस्त्या वेगळ्या. तक्रार नोंदवताना एवढे जरी विचारून घेतले, तरी दुरुस्ती करणाऱ्याचे निम्मे काम होते.

आता मराठीचे. हा भाग मला सर्वांत जिव्हाळ्याचा आहे, कारण इथे माझ्या माहितीतले कुठलेही तयार यंत्र आपल्या मदतीला पूर्णपणे येत नाही.

'वऱ्हाड' हा शब्द घ्या. आमच्या विदर्भाचा शब्द. यातला 'ऱ्ह' संगणकात दोन रीतींनी लिहिला जातो. एका रीतीत 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त. दुसऱ्या रीतीत साधा 'र', हलन्त आणि त्यामागे डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द. 'ऱ' ऐवजी कुणी 'र' खाली नुक्ता देऊन लिहिला, तर युनिकोडचे प्रमाणीकरण तो फरक मिटवते, पण अदृश्य जोडचिन्हाचे रूप ते तसेच सोडते, कारण युनिकोडच्या लेखी ती दोन रूपे समतुल्य नाहीत. परिणाम असा की वऱ्हाडपांडे, कुऱ्हाडे, गोऱ्हे या आडनावांची माणसे एका कळफलकावरून यादीत सापडतात आणि दुसऱ्यावरून सापडत नाहीत.

'ॲ' चेही तसेच. या स्वराला युनिकोडमध्ये स्वतःची जागा २००८ साली, ५.१ या आवृत्तीत मिळाली. तोवर 'अ' वर चंद्र ठेवून काम भागवले जात होते आणि आजही अनेक कळफलक तेच करतात. 'ॲड.' लावलेले वकील, 'ॲप', 'ॲम्ब्युलन्स', सगळे या दोन रूपांत विभागले गेले आहेत. आपल्या शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमाला प्रमाणित केली, 'ॲ' आणि 'ऑ' या स्वरांना तीत जागा दिली, आणि १० नोव्हेंबर २०२२ ला तो निर्णय सुधारला. कागदावर अक्षर कसे दिसावे हे ठरले. ते संगणकात कोणत्या रूपात साठवावे आणि शोधताना कोणती रूपे एक मानावीत, हे मात्र प्रत्येक संकेतस्थळ आपापल्या परीने ठरवत राहिले.

विसर्गाची कथा याहून जुनी. कळफलकावर विसर्ग चटकन सापडत नाही, म्हणून लोक अपूर्णविराम टाकतात. 'दु:ख', 'स्वत:', 'अंत:करण' असे लिहिलेले शब्द सरकारी कागदांत पानोपानी भेटतील. जुन्या फाँटांतून युनिकोडमध्ये रूपांतर करतानाही हे घडले. कृतिदेव या जुन्या फाँटात 'राम' लिहिला की संगणकात जे-के-ई ही तीन इंग्रजी अक्षरेच साठतात, आणि त्यांचा खरा राम करणाऱ्या रूपांतरकाला विसर्ग कुठे आणि अपूर्णविराम कुठे हे दर वेळी कळत नाही. आता ल्युसीनचा नियम आठवा. 'दु:ख' लिहिले की यंत्र 'दु' नावाचा रकाना धुंडाळते आणि त्यात 'ख' शोधते. असा रकाना नसतोच. 'स्वत:' लिहिले तर रकान्याचे नाव आहे, पुढे काहीच नाही, म्हणून थेट चूक.

नावांतली टिंबे तर आपल्या साहित्यिक परंपरेचाच भाग आहेत. आमच्या नागपूर विद्यापीठाचे एकेकाळचे कुलगुरू आणि महानुभाव वाङ्मयाचे थोर संशोधक वि. भि. कोलते यांचे नाव मधे मोकळी जागा ठेवून लिहिले, तर यंत्र त्याचे 'वि', 'भि', 'कोलते' असे तीन शब्द करते. जागा न ठेवता वि.भि.कोलते लिहिले, तर युनिकोडच्या शब्दविभाजनाच्या नियमानुसार दोन अक्षरांमधले टिंब शब्द तोडत नाही, आणि ते सगळे एकच लांब शब्द बनते. मग नुसते 'कोलते' शोधणाऱ्या विद्यार्थ्याला ते पुस्तक दिसत नाही. ग्रंथालयांच्या सूचीत एकाच लेखकाची पुस्तके अशी दोन-तीन ठिकाणी विखुरतात. एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांच्यासारख्यांच्या खटपटीने विरामचिन्हे मराठीत रुजली. आज ती आपल्या लिहिण्याच्या इतकी अंगवळणी पडली आहेत की 'टिंबे देऊ नका' असे नागरिकाला सांगणे म्हणजे त्याला स्वतःचे नाव चुकीचे लिहायला सांगणे आहे.

अंकांबद्दल थोडक्यात. मराठी ७ आणि इंग्रजी कळफलकावरचा सात ही यंत्राला दोन वेगळी चिन्हे आहेत. दोन्ही एक मानणे हे शोधातले सर्वांत सोपे काम, आणि तरीही ते अनेक ठिकाणी झालेले नसते.

यावर कुणी म्हणेल, मग सगळी चिन्हे काढूनच टाकू, शोधही सोपा होईल आणि हल्ल्यांची भीतीही जाईल. काही संकेतस्थळे 'विशेष चिन्हे वापरू नयेत' असे बजावतात, ते याच विचाराने. एकेरी अवतरणचिन्हातून डेटाबेसवर हल्ला होऊ शकतो हे खरे आहे. पण त्यावरचा उपाय माहीत आहे आणि जुना आहे: प्रश्नाचा साचा वेगळा ठेवायचा आणि नागरिकाचा मजकूर त्यात केवळ मूल्य म्हणून भरायचा, म्हणजे त्या मजकुराला आज्ञेचे बळ राहत नाही. चिन्हालाच बंदी केली, तर इंग्रजीत आडनाव लिहिताना अवतरणचिन्ह देणारे वसईचे ख्रिस्ती मराठी कुटुंब स्वतःचे आडनावही लिहू शकत नाही. २०२० साली धाराशिवच्या, तेव्हाच्या उस्मानाबादच्या, साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे आडनाव रोमन लिपीत असेच चिन्ह घेऊन येते.

चिन्हे सरसकट पुसण्यात दुसरा धोका आहे आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. ८७/१ मधली रेघ पुसली की ८७१ होतो. तो दुसऱ्याचा खसरा आहे. ८/७१ मधली पुसली तरी ८७१. चुकीची नोंद दाखवणारा शोध हा काहीच न दाखवणाऱ्या शोधापेक्षा वाईट. नावातले टिंब गेले तर अर्थ जात नाही. खसऱ्यातली रेघ गेली तर जमीन बदलते. कोणते चिन्ह नुसते सजावटीचे आणि कोणते चिन्ह हीच माहिती, हे ठरवायला भाषेची आणि महसुलाची जाण लागते. आमचा जुना पटवारी 'सत्त्याऐंशी बटा एक' ऐकून नेमके पान उघडायचा, आणि त्यालाच 'देशमुख' आणि 'श्री. देशमुख' यांत फरक करावासा वाटत नसे. हे ज्ञान शासनाकडे आहे. संकेतस्थळ बांधणाऱ्या कंत्राटदाराकडे ते असेलच असे नाही, आणि आज निर्णय बहुधा त्याच्यावर सोडलेला असतो.

चांगली उदाहरणे आपल्याच घरात आहेत, हेही मोकळेपणाने सांगायला हवे. महाभूलेखवर सर्व्हे किंवा गट क्रमांकाचा पहिला आकडा लिहिला की त्याच्या पोटहिश्श्यांची यादी समोर येते आणि आपण त्यातून निवडतो. रेघ लिहायची वेळच येत नाही. शासन निर्णयाच्या मूळ क्रमांकात कितीही चिन्हे असोत, त्याच्या शेवटी तारखेने सुरू होणारा, फक्त अंकांचा संकेतांक छापलेला असतो. सातबाऱ्यावर आता जमिनीच्या तुकड्याचा स्वतंत्र ओळख क्रमांकही येतो. म्हणजे हा प्रश्न ज्यांना कळला, त्यांनी तो सोडवला आहे. पण काकूंच्या हाती असलेले खरेदीखत जुने आहे. त्यावर तोच जुना क्रमांक आहे, रेघ आणि अक्षरासह, आणि पुढची अनेक वर्षे लोक तोच बघून लिहिणार आहेत.

म्हणून आपल्याकडे मागणे आहे. भाषा संचालनालय, राज्य मराठी विकास संस्था, महसूल विभाग आणि पुण्याची सी-डॅक यांना एकत्र बसवून मराठी शोधाचा एक नियमसंच तयार करावा: कोणती अक्षररूपे शोधताना एक मानायची, विसर्गाच्या जागी आलेल्या अपूर्णविरामाचे काय करायचे, अदृश्य चिन्हे केव्हा दुर्लक्षायची, आणि कुठल्या रकान्यात कोणत्या चिन्हाला हात लावायचा नाही. मूळ नोंद जशी आहे तशीच राहावी. जुळवणीसाठी तिच्या शेजारी वेगळे, एकसारखे केलेले रूप ठेवावे आणि नागरिकाच्या प्रश्नाचेही तेच रूप करून मग तुलना करावी. हा नियमसंच शासन निर्णय म्हणून प्रसिद्ध झाला, की प्रत्येक निविदेत त्याचा उल्लेख बंधनकारक करता येईल. त्याला जोडून चाचणीच्या प्रश्नांची यादी असावी. ७/१२, ८७/१-अ, 'वऱ्हाडपांडे' दोन्ही रूपांत, 'दुःख' आणि 'दु:ख', वि.भि.कोलते आणि वि. भि. कोलते, मराठी आणि इंग्रजी अंक. या यादीतून पार झाल्याशिवाय कोणतेही संकेतस्थळ ताब्यात घेऊ नये आणि देयक मंजूर करू नये.

ज्या शोधांना शून्य उत्तर मिळाले, त्यांची नोंद ठेवावी. कोणी शोधले हे नको, काय लिहिले एवढेच. दर महिन्याला ती यादी कुणी जाणकाराने वाचली, तर लोक कुठे अडतात हे सर्वेक्षणाशिवाय कळेल. माझ्या कामात याइतके उपयोगी वाचन दुसरे नाही.

आणि 'नोंद आढळली नाही' हे वाक्य बदलावे. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने सेवा ठरलेल्या मुदतीत मिळण्याचा हक्क आम्हाला दिला. पण ती मुदत अर्ज दाखल झाल्यावर मोजली जाते, आणि शोधच फसला तर अर्जापर्यंत माणूस पोचतच नाही. मग तो मध्यस्थाला पैसे देतो, किंवा काकूंसारखा धास्तावून जातो. यंत्राला खरे तर एवढेच माहीत असते की लिहिलेली अक्षरे आपल्याकडच्या अक्षरांशी जुळली नाहीत. त्याने तेवढेच सांगावे: 'आपण लिहिलेल्या स्वरूपात नोंद जुळली नाही. क्रमांकाचा फक्त पहिला भाग लिहून पाहा. नोंद अस्तित्वात नाही, असा याचा अर्थ नाही.' खाली जवळचे क्रमांक आणि मदतकक्षाचा दूरध्वनी द्यावा. हा बदल करायला नवे यंत्र लागत नाही, निविदा लागत नाही. आपल्या एका परिपत्रकाने तो सगळ्या विभागांना लागू होऊ शकतो. नियमसंचाला वेळ लागेल हे मी समजू शकतो. हे परिपत्रक मात्र या महिन्यातही निघू शकते, आणि तेवढे आपण आधी करावे अशी माझी विनंती आहे. चाचणीची यादी तयार करायला बसणाऱ्या कुणाही अधिकाऱ्याला माझी मदत हवी असेल, तर सुटीच्या दिवशी ती विनामूल्य करायला मी तयार आहे.

आपला,
मनीषनगर, नागपूर येथील एक रहिवासी